फोटोपुरता दात

माझ्या वरच्या ओळीतला समोरचा एक दात दगडानं गेला. त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पुन्हा पेटला होता. शहरात दर आठवड्याला मोर्चा तरी असायचा, नाहीतर बंद. मी बी.एड.ला होतो. वर्गात माझ्या शेजारी बसणारा मित्र मोर्चात चालत होता आणि मी त्याच्याशी बोलत बोलत रस्त्याच्या कडेनं चाललो होतो. मी मोर्चात होतो की मोर्चाच्या बाजूला होतो, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. दगड कुठून आला तेही दिसलं नाही. तोंड एकदम गरम झालं, ओंजळीत रक्त आलं आणि रक्तात दात.

आमची वस्ती दौलताबादच्या किल्ल्याच्या पलीकडं आहे. तिथं जो तो पहिल्यांदा हेच विचारायचा, "दगड कोनाचा व्हता?" मी म्हणायचो, मी नुसता तिथून जात होतो. दुखतं का, हे फक्त मायनं विचारलं. आबांनी काहीच विचारलं नाही. ते बाजेवर बसले, मला समोर उकिडवं बसवलं आणि अंगठ्यानं माझा ओठ वर सारून मेंढीचं तोंड बघतात तसं बघितलं. आमच्याकडं मेंढरू घेताना दात बघतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती. दातावरून वय कळतं आणि वयावरून पुढचं सगळं.

"वरचाच गेलाय," आबा म्हणाले. "मेंढराला तर वर म्होरं दातच नसत्यात. तरी खातंयच की पोटभर."

ही त्यांची समजूत घालायची पद्धत. पण मेंढराला वर्गात उभं राहून शिकवायचं नसतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.एड.च्या शेवटी वार्षिक पाठ असतो. अनोळखी शाळा, अनोळखी पोरं, आणि मागच्या बाकावर बाहेरून आलेले परीक्षक. त्या एका पाठावर माझं शिक्षक होणं अवलंबून होतं. आणि मला तोंडावर हात ठेवून बोलायची सवय लागली होती. सरावपाठात आठवीच्या दोन पोरांनी माझी नक्कल केली. तोंडावर पालथा हात ठेवून ते एकमेकांना प्रश्न विचारत होते. वर्ग हसत होता. पाठ बघायला बसलेले आमचे सर नंतर म्हणाले, "हात खाली घ्या. शिक्षकाचा चेहरा म्हणजे अर्धा पाठ असतो." पाठ मार्चात होता. त्याच्या आत मला दात हवा होता.

माझा मोठा भाऊ चिकलठाण्याला एका कारखान्यात लेथवर होता. मुकुंदवाडीतल्या त्याच्या खोलीवरच मी राहायचो. त्यानंच ऐकून आणलं की शहरात दातांचं एक नवं कॉलेज भाड्याच्या इमारतीत सुरू झालंय आणि तिथं शिकाऊ डॉक्टर फुकटात दात बसवतात. ते कॉलेज पुढं बंद पडलं. आज तिथं फरशीचं दुकान आहे.

दसऱ्याच्या आधी आम्ही दोघं गेलो. तिथं मला ते डॉक्टर भेटले. पुढचं मोठं शिक्षण घेणारे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं. दवाखान्यात तोवर मला कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तारेची कवळी काढावी-घालावी लागते, पण आता एक नवं तंत्र आलंय, ते सांगू लागले. हाडात छोटा स्क्रू बसवायचा, तीन-चार महिन्यांत हाड त्याला धरून ठेवतं, मग त्यावर पक्का दात.

"मला परीक्षेसाठी एक अशी केस लागते," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? तुम्हाला दात, मला केस. मार्चच्या पाठाला दात असेल. शब्द देतो."

त्यांनी स्क्रू दाखवला. भाऊ पुढं वाकून बघत हसला.

"हा? असले तर आमच्या लेथखाली झाडूनं गोळा करतेत, साहेब."

"हा टायटॅनियमचा आहे, दादा."

"असंल. पण जपून फिरवा. आटे गेले का मंग काय बी बसत नसतंय."

डॉक्टरही हसले. मग त्यांनी मला एकेक प्रश्न विचारून कागदावर लिहिलं. साखर आहे का? सिगारेट? तंबाखू खाता, गुटखा? मी नाही म्हणालो. खरंच खात नव्हतो. आमच्याकडं बहुतेक गडी माणसं खातात, मी कधी चिमूटभरही ओठाखाली धरली नव्हती, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

स्क्रू बसवला तो दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. पहिली सुई ओठाच्या आत, ती सोसली. दुसरी टाळूत. टाळूतली सुई डोळ्यांतून बाहेर येते. माझे पाय आपोआप उडायला लागले. डॉक्टरांनी भिंतीवरचा त्यांचा पांढरा कोट काढून माझ्या पायांवर टाकला आणि गुडघ्यावर हात दाबून ठेवला.

"घरी काय असतं? शेती?"

"मेंढरं."

"छान. मग मेंढ्या मोजा. मनात. मी सांगेपर्यंत."

तोंडात कापूस असताना मी कसंबसं म्हणालो की आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. आबांनी कधीच मोजली नाहीत. मोजली की नजर लागते म्हणतात. दिवस मावळताना जाळीच्या कुंपणात घेताना एकेकीकडं बघायचं. कोण आलं नाही ते आपोआप कळतं.

ते थांबले. हातातलं हत्यार खाली ठेवलं. "मग तसंच करा," म्हणाले. "एकेकीला आत घ्या. घाई नाही. सगळ्या आल्या की मला सांगा."

मी डोळे मिटले. काळ्या कानाची आली. तिच्यामागं पाय ओढणारी. मग दोन जुळ्या, मग कपाळावर ठिपका असलेली, ती नेहमी दारात अडते. हाडात यंत्र फिरत होतं. दुखत नव्हतं, पण आवाज कानांनी ऐकत नव्हतो, सगळ्या डोक्यातच तो घुमत होता, आपल्याच घराची भिंत आतून कुणी पोखरावी तसा. करपल्यासारखा वास आला. मी ठिपकेवालीला पुढं ढकललं. डॉक्टर मधूनमधून विचारायचे, "किती राहिल्या?" मी बोटं दाखवायचो. शेवटची मेंढी आत आली तेव्हा ते टाका घालत होते.

नंतर ते स्वतः खाली जाऊन रसवंतीवाल्याकडून बर्फ घेऊन आले. आपल्या रुमालात बांधून माझ्या गालाला लावला. "रुमाल राहू द्या," म्हणाले. मला रडू आलं. औषध उतरत होतं म्हणून असेल. पण इतक्या मोठ्या शहरात, इतक्या शिकलेल्या माणसानं, माझ्या गालाला बर्फ लावला होता.

घरी पोचेपर्यंत ओठ सुजून पुढं आला होता. संध्याकाळी बधिरपणा पुरता गेला आणि ठणका नाकापर्यंत चढला. गोळी घेतली, राहीना. मायनं माझी मान मांडीवर घेतली आणि कमरेची मिश्रीची डबी काढली. ती रोज सकाळी तव्यावर पानं भाजते, चुरते, दिवसातून दोनदा दातांना लावते. तिच्या आईनं लावली, गावातल्या सगळ्या बायका लावतात. कुणाचा दात दुखला की आधी मिश्री, मग दवाखाना. तिनं बोटावर चिमूटभर घेऊन टाक्यांवर हळूच दाबली.

"झोंबंल जराशीक. मंग गार पडतंय."

झोंबलं. मग तोंडाला पाणी सुटलं, डोकं हलकं झालं आणि ठणका खरंच खाली बसला. त्या दिवसानंतर शनिवारी घरी गेलो की ती लावायची, आणि सोमवारी निघताना कागदाची पुडी द्यायची. मिश्री कशाची करतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. भाजताना त्या वासानं लहानपणी मी शिंकायचो. पण डॉक्टरांनी विचारली होती ती खायची, थुंकायची तंबाखू. मिश्री आमच्या घरात दातांचं औषध होती. ही दोन उत्तरं माझ्या डोक्यात एकमेकांना कधी भेटलीच नाहीत.

पुढचे तीन महिने मी तपासणीला जात राहिलो. टाके काढायच्या दिवशी शहर बंद होतं, ते आठवड्यानं निघाले. डॉक्टर दर वेळी चहा मागवायचे. "दुखतंय?" विचारायचे, आणि मी थोडंसं म्हटलं की, "थोडंसं म्हणजे किती मेंढ्या?" मी हसायचो, तोंडावर हात न ठेवता. त्या एका खोलीत मी हात ठेवत नव्हतो. मी त्यांना सगळं सांगितलं. वाळूजच्या माळावर आबा कसे कळप न्यायचे, आता तिथं कंपन्यांच्या भिंती आहेत. मला भूगोल शिकवायचा आहे. मित्रानं विचारलं होतं तू आमच्याबरोबर आहेस का, आणि मला पटकन हो म्हणता आलं नव्हतं. ते मान हलवत ऐकायचे. मला वाटलं, हा माझा माणूस आहे.

जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर झाला आणि त्या दिवसांतच डॉक्टरांची परीक्षा आली. आदल्या दिवशी त्यांनी भावाच्या कारखान्यात फोन करून निरोप दिला होता. उद्या त्याला पाठवाच, त्याच्याशिवाय माझी परीक्षा नाही. मी गावी होतो. भाऊ सायकल मारत सांगायला आला. सकाळी फाट्यावर आलो तर एसटी बंद. मी चालत निघालो. शरणापूर, मिटमिटा, पडेगाव. रस्ता इतका रिकामा मी कधी पाहिला नव्हता. छावणीजवळ पोलिसानं अडवलं.

"कुठं निघालास रे?"

"दातांच्या दवाखान्यात."

"आज? असा कुठला दात दुखतोय? दाखव."

मी आ केला. त्यानं वाकून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि काठीनं पुढं जायची खूण केली.

डॉक्टर दारातच उभे होते. मला बघून त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. "चालत आलात? तुम्ही माझी लाज राखलीत." मग खुर्चीत बसवलं. हिरडी थोडी उघडली, स्क्रूला बोट लावलं. थांबले. पुन्हा लावलं. मला कळ आली, मी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांनी आपल्या तोंडावरची पट्टी नीट केली. मग एक तयार दात स्क्रूवर कशानं तरी चिकटवला आणि माझ्या हातात आरसा दिला.

मी आरशात बघितलं. दगडाआधीचा मी त्यात होतो. मी हसलो, आरसा जवळ नेला, पुन्हा हसलो. त्यांनी फोटो काढले. समोरून, बाजूनं, ओठ ताणून. "हा आजच्यापुरता. पक्का नंतर," ते हळूच म्हणाले.

परीक्षक वयस्कर होते. त्यांनी माझ्या तोंडात बघितलं, हात लावला नाही. मग थेट मला विचारलं, "काही त्रास? दुखतं? हलतं?"

दुखत होतं. आणि जिभेला ते जरासं हलताना जाणवत होतं. परीक्षकांच्या मागं डॉक्टर हात बांधून उभे होते. मला तो कोट आठवला, बर्फ आठवला.

"नाही सर," मी म्हणालो. "काहीच नाही."

दुपारी दात काढून घेतला. "आठ दिवसांनी या," डॉक्टर म्हणाले. घाईत होते. मी परत चालत गेलो, आणि सांगायला संकोच वाटतो, पण मी खुशीत होतो. त्यांच्या उपयोगी पडलो होतो.

आठ दिवसांनी गेलो तर ते सुट्टीवर होते. पुन्हा गेलो, तेव्हाही सुट्टीवर. धुऊन इस्त्री केलेला रुमाल माझ्या पिशवीतच राहिला. फेब्रुवारी संपत आला, हिरडीतून पू यायला लागला. शेवटी खिडकीतला माणूस वैतागून म्हणाला, "अहो, ते पास होऊन गेले केव्हाच. स्वतःचा दवाखाना टाकतायत म्हणे मुंबईला. तुम्हाला सांगितलं नाही?"

मला एका बाई डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी फाईल मागवली. फाईलच्या कव्हरवर कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं: मेंढीवाला.

"अच्छा, ते तुम्ही होय!" बाई खुलल्या. "त्यानं आम्हा सगळ्यांना शिकवलंय. घाबरणारा पेशंट आला की त्याला आवडीचं काहीतरी एकेक करून आत आणायला सांगायचं. फार चालतं हो. लहान मुलांना तर खूपच."

काळ्या कानाची, ठिपकेवाली, पाय ओढणारी. मी ती फक्त त्यांना दाखवली होती.

बाईंनी पानं उलटली. माझे फोटो होते. पूर्ण हसणारे. खाली इंग्रजीत लिहिलेलं मीही वाचू शकलो: उपचार पूर्ण. मग त्या मागच्या पानावर गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे परीक्षेच्या दिवशी सकाळचं आहे. त्याच्याच अक्षरात. स्क्रू हलतोय, काढावा लागेल." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला बोलला नव्हता तो?"

म्हणजे पहिल्यांदा बोट लावून थांबले, तेव्हाच त्यांना कळलं होतं. मला आरसा दिला तो त्यानंतर.

बाईंनी स्क्रू काढला. काढायला काहीच लागलं नाही. चिखलातून खुंटी यावी तसा आला. सुईही विशेष दुखली नाही. त्यांनीही गुडघ्यावर हात ठेवला होता, पण मी पाय बाजूला घेतला.

"तंबाखू खाता का?" हात धुताना त्यांनी विचारलं.

"नाही."

"जखम अशी का दिसतेय मग? घरी काही लावत होता?"

"आई मिश्री लावायची."

त्या हात धुता धुता थांबल्या. "मिश्री म्हणजे तंबाखूच की हो. ताज्या जखमेवर?" मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणला. "त्यामुळंच झालं असं नाही म्हणता येणार. नसतंही टिकलं. पण त्यानं विचारायला हवं होतं नीट. आणि तुम्ही सांगायला."

स्क्रू त्यांनी कागदात गुंडाळून दिला. भावानं तो दिव्याखाली धरून फिरवला. "आटे तर चांगले हायेत," एवढंच म्हणाला.

त्या शनिवारी घरी गेलो. मायनं आल्या आल्या ओळखलं. "कशानं निघाला रं?"

"डॉक्टरनं फसवलं," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. मग माय बोलत सुटली. त्याचे हात झडोत, त्याचं कधी भलं व्हनार नाय, गरिबाच्या लेकराचं तोंड फाडून पळाला. मी ऐकत राहिलो. मधेच ती उठली, कमरेची डबी काढली, चिमूट घेतली आणि माझी हनुवटी धरली.

मी तोंड फिरवलं.

"काहून रं?"

"नको, माय. राहू दे."

ती तशीच बसली, बोटावर चिमूट घेऊन. "आतापतूर लागत व्हती. आता मास्तर व्हनार, म्हून मायचा हात बी नको झाला व्हय?"

सांगितलं असतं तर तिला कळलं असतं. पण मग आयुष्यभर तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं असतं आणि तिला तेच दिसलं असतं. तिनं चिमूट परत डबीत टाकली, झाकण दोनदा दाबून लावलं आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

पाठ चार दिवसांनी झाला. सातवीचा वर्ग, विषय मराठवाड्यातले उद्योगधंदे. मी फळ्यावर मोठा नकाशा काढला. रस्ते, रेल्वे, चिकलठाणा, वाळूज, सगळं रंगीत खडूनं. नावं लिहीत राहिलो, कारण लिहिताना पाठ वर्गाकडं असते. एक मुलगी उभी राहिली. "सर, वाळूजला कारखान्यांच्या आधी काय होतं?"

मला वळावं लागलं. दोन्ही हातांत खडू होते. "माळ होता," मी म्हणालो. "तिथं आमची मेंढरं चरायची."

वर्ग हसला. मेंढरांना हसला की माझ्या तोंडाला, कळलं नाही. मी पुन्हा फळ्याकडं वळलो.

परीक्षकांनी शेरा लिहिला: फलकलेखन उत्तम. वर्गाकडे पाहणे कमी. मी पास झालो, वरच्या श्रेणीत नाही.

घरी सांगितलं तेव्हा आबांनी मान हलवली आणि कळपाकडं गेले. मायनं चुलीपुढून विचारलं, "आजूक दुखतंय का?" तिचा हात कमरेला गेला होता आणि तिथंच थांबला होता.

डॉक्टरांच्या परीक्षकांना ज्या आवाजात म्हणालो होतो, अगदी त्याच आवाजात मी म्हणालो, "नाय माय. काहीच नाय."